अंतर मोजून बघू या

समांतर रेषा कितीही वाढवल्या तरी एकमेकींना मिळत नाहीत, ही व्याख्या आठ वर्षांच्या मुलाला चटकन पाठ होते. तपासून मात्र बघता येत नाही. वहीचं पान वीतभरात संपतं, पुढे त्या रेषांचं काय झालं हे त्याने बघायचं कुठे? म्हणून ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या माझ्या वर्गात ही व्याख्या सगळ्यात शेवटी येते. सुरुवातीला मी एवढंच विचारते, या दोन रेषांमधलं अंतर इथे किती आणि तिथे किती? हातात पट्टी असलेल्या कुठल्याही मुलाला याचं उत्तर स्वतः शोधता येतं, आणि प्राथमिक शाळेतली भूमिती इथूनच सुरू व्हायला हवी असं माझं ठाम मत आहे.

मुलं कोरी येत नाहीत. दुरेघी वही आणि फळ्यावरच्या दोन आडव्या रेघा पाहून त्यांनी समजूत करून घेतलेली असते की समांतर रेषा आडव्याच असतात, सारख्या लांबीच्या असतात आणि दोनच असतात. एक लांब आणि एक आखूड रेघ काढली की हरकत आलीच, "मॅडम, ही तर छोटी आहे!" ही समजूत सांगून जात नाही, चित्र काढताना जाते. त्यासाठी ठिपक्यांच्या रांगोळीइतकं चांगलं साधन मला दुसरं सापडलेलं नाही. लष्करातल्या मराठी घरांत दिवाळीला ती अजून अंगणात निघते. वर्गातली बहुतेक मुलं हिंदी बोलणारी, पण ठिपके जोडायला सगळ्यांनाच आवडतं.

मी सात ते चार ठिपक्यांची रांगोळी घेते. मधल्या ओळीत सात, वर आणि खाली सहा, पाच, चार. प्रत्येक ठिपका शेजारच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध आणि शेजारच्या ठिपक्यापासून दोन सेंटिमीटरवर. एकूण ३७ ठिपके. लाल पेन्सिलीने आडव्या ओळी जोडायच्या, निळीने उजवीकडे कललेल्या, हिरवीने डावीकडे कललेल्या. प्रत्येक रंगाच्या सातच रेषा निघतात. सर्वांत आखूड सहा सेंटिमीटर, सर्वांत लांब बारा. मग मी कागद फिरवायला सांगते. निळ्या रेषा आडव्या होतात आणि लाल कलतात. आता समांतर कोणत्या, असं विचारलं की मुलं आधी गप्प होतात, नंतर एकदम बोलायला लागतात.

खरी गंमत अंतर मोजताना येते. कुणी एका लाल रेषेवरच्या ठिपक्यापासून वरच्या रेषेवरच्या जवळच्या ठिपक्यापर्यंत पट्टी लावतो आणि सांगतो, दोन सेंटिमीटर. शेजारणीने पट्टी सरळ उभी धरलेली असते, तिचं उत्तर एक पूर्णांक सात. भांडण जुंपतं. मी निकाल देत नाही. पट्टीचं शून्य खालच्या रेषेवर बोटाने दाबून धरा आणि पट्टी हळूहळू फिरवा, एवढंच सांगते. वरची रेषा पट्टीला अडीचवर छेदते, दोनवर, मग पावणेदोनच्या जरा अलीकडे, आणि तिथून आकडा पुन्हा वाढू लागतो. सर्वांत लहान आकडा आला तिथे थांबून कोपऱ्यात गुण्या बसवायचा. काटकोन! दोन रेषांमधलं अंतर काटकोनातच का मोजायचं, हे यानंतर समजावून सांगावं लागत नाही. निळी रेघ प्रत्येक लाल रेघेला सारख्याच कोनात छेदते, हेही तेव्हाच डोळ्यांखालून जातं, आणि वरच्या वर्गात छेदिका आली की कामी येतं.

आमच्या किल्ल्याच्या चढणीवर एकाच खडकात कोरलेलं चतुर्भुज मंदिर आहे. तिथला इसवी सन ८७६चा शिलालेख शून्यासाठी जगभर प्रसिद्ध आहे. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन दिली, रोज ५० माळा द्यायच्या, असा त्यातला मजकूर. शून्य बघायला सगळेच जातात, मी मुलांना बाग काढायला लावते. एका हाताला एक मिलिमीटर धरला की २७ बाय १८.७ सेंटिमीटरची बाग ए-फोर कागदावर नीट मावते. चारही बाजू बरोबर मोजूनसुद्धा काहींची बाग एका अंगाला कलते. समोरासमोरच्या बाजू तरीही समांतरच राहतात, पण आता रुंदी काटकोनात मोजली तर १८.७ भरत नाही. मग माळ्याची जमीन कमी झाली का? झाली, आणि किती झाली हे मोजायला मुलं आपणहून बसतात.

समांतर म्हटलं की रूळ आठवतातच. शिंद्यांच्या संस्थानकाळातली ग्वाल्हेर–श्योपूर छोटी गाडी २०२० पर्यंत धावत होती. जवळजवळ २०० किलोमीटरचा मार्ग, रुळांमधलं अंतर फक्त ६१० मिलिमीटर. मुलं तिचे रूळ काढतात ते कागदाच्या वरच्या टोकाला मिळालेले. ते मी खोडत नाही. डोळ्याला जसं दिसतं तसं त्यांनी काढलेलं असतं, आणि खालचे स्लीपर लांब, वरचे आखूड हेही त्यांनी बरोबर टिपलेलं असतं. माझा प्रश्न वळणाचा असतो. तिथेही अंतर राखावं लागतं, नाहीतर चाकं घसरतील. मग ते समांतर रेषा म्हणायचे का? अंतर सारखं हवं आणि रेषाही सरळ हवी, ही दुसरी अट मुलांच्याच तोंडून येते.

पट्टी नसेल तर घडी आहेच. टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्यांमधून भूमिती शिकवणारं पुस्तक १८९३ साली मद्रासहून काढलं होतं. एक घडी घाला, ती घडी स्वतःवरच बसवून दुसरी घाला, दुसरीवर तसंच करून तिसरी. पहिली आणि तिसरी समांतर.

पाचवीच्या मुलांना मी महंमद घौस यांच्या मकबऱ्यात नेते. तानसेनची कबर त्याच आवारात आहे. घौस यांच्या मकबऱ्याच्या दगडी जाळ्यांत ताऱ्यांची आणि षटकोनांची गर्दी आहे. तीन रंगीत पेन्सिली घेऊन मुलं जाळीसमोर बसतात आणि एकेका दिशेच्या रेषा कागदावर उतरवतात. एखादी रेघ ताऱ्याच्या टोकाशी मोडते आणि पलीकडे पुन्हा दिसते. ती तीच रेघ पुढे आली, की तिला समांतर असलेली दुसरी, यावर मुलांचा वाद गाडीत बसेपर्यंत चालू असतो.