भट्टीच्या हंगामातलं बाळ

दिवाळी सरते, भाताची झोडणी आटोपते आणि शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरची अनेक कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांची वाट धरतात. अंगावर पिणारं बाळही सोबत जातं. पावसाळा तोंडावर येईपर्यंत भट्टीशेजारची झोपडी हेच त्याचं घर. कुपोषणाची चर्चा होते तेव्हा या बाळाचं वजन आणि दंडाचा घेर मोजला जातो, आणि तो मोजायलाच हवा. पण त्याच्या आतड्यात त्या महिन्यांत जे घडतं, ते कुठल्याच तक्त्यावर येत नाही. बालआरोग्यात काम करणाऱ्या माझ्यासारख्यांना आज तीच मोठी उणीव वाटते.

जन्मताच बाळाच्या आतड्यात जिवाणूंची वस्ती सुरू होते. आईच्या दुधात सुमारे 200 प्रकारच्या अशा शर्करा असतात, ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या असतात बिफिडोबॅक्टेरियम जातीच्या जिवाणूंसाठी. त्या खाऊन हे जिवाणू आम्लं तयार करतात आणि जुलाबाच्या जंतूंना तिथे टिकणं अवघड होतं. त्याहून मोलाचं काम पुढचं. शरीरातल्या रोगप्रतिकारक पेशींचा मोठा हिस्सा आतड्यातच असतो; कोणाशी लढायचं आणि कोणाला सोडून द्यायचं, हे त्या पेशी याच जिवाणूंच्या सहवासात शिकतात. ‘सेल’ या नियतकालिकात 2021 साली आलेल्या अभ्यासात, स्तनपान घेणाऱ्या बाळांना ‘इन्फंटिस’ हा बिफिडोबॅक्टेरियम जिवाणू दिल्यावर आतड्यातला दाह कमी झालेला आढळला.

म्हणूनच चिकाचं दूध पिळून टाकणं, गुटी, वरचं दूध आणि साध्या सर्दीलाही अँटिबायोटिक, या चारही गोष्टींचा घाव एकाच जागी बसतो.

ओडिशातल्या खेड्यांमध्ये डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या गटाने 4,556 नवजात बाळांवर केलेली चाचणी 2017 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाली. काही बाळांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लांटॅरम आणि त्याचं खाद्य असलेली शर्करा दिली. रक्तातला जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचं प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आलं. मात्र हा निष्कर्ष त्या विशिष्ट वाणाचा आहे. औषधाच्या दुकानातली कुठलीही प्रोबायोटिक पुडी तेच करील, असं समजू नये.

आतडं कमकुवत असलं की लसही कमी पडू शकते. दिल्ली, पुणे परिसर आणि वेल्लोर इथे तपासलेल्या, रोटाव्हायरसच्या जुलाबावरच्या रोटाव्हॅक लसीचं पहिल्या वर्षातलं संरक्षण सुमारे 56 टक्के भरलं. श्रीमंत देशांत रोटाव्हायरसच्या लसी बऱ्याच जास्त परिणामकारक ठरतात. याची कारणं अनेक आहेत. अस्वच्छ पाण्यामुळे सतत सुजलेलं आतडं हे त्यांपैकी एक मानलं जातं. आणि शहापूर तालुका? भातसा, तानसा इथलीच धरणं. त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो. लहान मुलांच्या डॉक्टरला हे पाहून संताप यावा, अशीच ही गोष्ट आहे.

सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू होतं तेव्हा जिवाणूंची वस्ती पुन्हा बदलते. बांगलादेशात हरभरा, सोयाबीन, शेंगदाणे आणि कच्ची केळी यांपासून केलेल्या आहाराने मुलांचं वजन नेहमीच्या तयार पूरक आहारापेक्षा चांगलं वाढलं, आणि तेही कमी उष्मांक असताना. हे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. यातली कुठलीच वस्तू आपल्याकडे अपूर्वाईची नाही.

महाराष्ट्रात 2015 पासून आदिवासी भागांत अमृत आहार योजना आहे. गरोदर आणि बाळाला सहा महिने होईपर्यंत स्तनदा मातेला रोज एक चौरस जेवण. पण आई भट्टीवर गेली की ते ताट गावच्या अंगणवाडीतच राहतं. या हंगामात कुटुंब पाडा सोडेल त्याच दिवशी सेविकेने किंवा आशाताईंनी भट्टीच्या गावातल्या अंगणवाडीला फोन करून आईचं आणि बाळाचं नाव कळवावं, आणि भट्टीमालकांनी पाजणाऱ्या आईला कामातून वेळ आणि उकळलेलं पाणी द्यावं, एवढी विनंती आहे.