चीवर ते पोतेरे

सायंवंदनेनंतर भन्तेजी रोज एक कथा सांगत. त्यातल्या बहुतेक कथा काळाच्या ओघात विस्मरणात गेल्या. उदेन राजाची तेवढी राहिली, आणि ती राहण्याचे श्रेय माझ्या आईचे आहे.

कथा विनयपिटकातल्या चुल्लवग्गातली. कोसंबीचा राजा उदेन याच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला ते रुचले नाही. एवढी वस्त्रे घेऊन हा श्रमण काय कापडाचे दुकान मांडणार आहे, असे त्याला वाटले. तो आनंदाकडे गेला आणि एकेक प्रश्न विचारू लागला. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ही वाटीन, असे आनंद म्हणाला. मग त्या जीर्ण चीवरांचे काय? त्यांच्या चादरी करू. जुन्या चादरींचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची अंथरणे. पुढे त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची धूळ झटकायची फडकी, आणि फडकीही विरली की ती फाडून, चिखलात मळून, त्याने जमीन लिंपू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

सुट्टीत पुण्याला गेलो तेव्हा मी ही कथा आईला मोठ्या उत्साहाने ऐकवली. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेली आई त्या काळी कागद-काच-पत्रा वेचीत असे. भाकरी थापता थापता तिने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "आन् त्यो चिखल मळून भुई लिंपली कुनी?"

"भिक्खूंनीच," मी म्हणालो.

"मंग बराबर हाय."

त्या वयात मला या उत्तराचा अर्थ लागला नाही. कथेतली काटकसर तिला नवी नव्हती. लुगडे विरले की त्याची वाकळ, वाकळ विरली की पायपुसणे आणि शेवटी चुलीचे पोतेरे, हा क्रम तिच्या आईच्या घरीही होता. तिला जाणून घ्यायचे होते ते वेगळेच. वस्तू वापरली एकाने आणि तिचा शेवट निस्तरला दुसऱ्याने, असे तर त्या विहारात नव्हते ना?

पुनर्वापराचे आज पुष्कळ कौतुक होते. आपल्या समाजाला मात्र त्याची दुसरी बाजूही ठाऊक आहे. दुसऱ्याने टाकलेले वापरणे हे आपल्या वाट्याला सक्तीने आले होते. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी उष्टे आणि मृतमांस सोडायला सांगितले, तो याच सक्तीविरुद्धचा उठाव होता. आई दिवसभर लोकांचा कचरा हाताळी, पण त्यातला एकही कपडा तिने आम्हा भावंडांच्या अंगावर घातला नाही. वसतिगृहात मी ठिगळाचा सदरा घालत असे. ठिगळ आमचे होते आणि सदराही आमचाच होता.

१९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. आई तिची सभासद झाली. तिचे ओळखपत्र आजही तिच्या ट्रंकेत आहे, माझ्या पदवीच्या प्रमाणपत्राशेजारी.

एवढे सगळे पाहिलेल्या माणसाच्या घरात तरी कचरा शिस्तीने जात असेल, असे कोणालाही वाटेल. तसे नव्हते. नोकरी लागली, सदनिका घेतली, आणि मीही एका डब्यात सगळे कोंबून दाराबाहेर ठेवू लागलो. आई तेव्हा धाकट्या भावाकडे राहत असे. ती माझ्याकडे राहायला आली त्याच आठवड्यात फुटलेली काचेची बरणी मी तशीच डब्यात टाकली. दुसऱ्या दिवशी कचरा नेणाऱ्या ताईंच्या तळहाताला चिंधी गुंडाळलेली होती. आईने त्यांना आत बोलावले, जखम धुतली, चहा दिला. मला ती काही बोलली नाही. दोन दिवस काहीच बोलली नाही.

तेव्हापासून घरची व्यवस्था तिच्या हाती आहे. काच आणि दाढीचे पाते जाड कागदात गुंडाळून, वर मोठ्या अक्षरांत लिहून वेगळे द्यायचे. सॅनिटरी पॅड कागदात बांधून त्यावर लाल ठिपका. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, पिशवीलाच लटकता ठेवायचा. तो इवलासा तुकडा कोणी वेचू शकत नाही, हे वेचणाऱ्याशिवाय कोणाला कळणार? मग पिशवी विसळून दोरीवर वाळत. कोरडी आणि स्वच्छ पिशवी भंगारात विकली जाते, आंबलेली कोणी घेत नाही. मुलीच्या वह्यांची कोरी पाने उन्हाळ्यात शिवून नवी वही होते. ते मात्र मी वसतिगृहातून आणलेले कसब आहे.

ओल्या कचऱ्याने आमची परीक्षा घेतली. भोके पाडलेल्या बादलीत साली आणि चहाचा चोथा टाकू लागलो, तर पंधरवड्यात दुर्गंधी आणि अळ्या. पत्नी म्हणाली, हे पुरे. ओलावा फार झाला होता. प्रत्येक थरावर मूठभर सुका पाला घालू लागलो, शिजवलेले अन्न टाकणे थांबवले आणि अधूनमधून ढवळू लागलो, तेव्हा वास गेला. दोन-तीन महिन्यांनी मातीचा गंध असलेले काळे खत हाती आले. ते कुंडीतल्या कढीपत्त्याला घातले.

कपडे देण्याचाही आईचा नियम आहे. धुवायचे, बटण लावायचे, इस्त्री करायची, आणि समोरच्याला हवेत का ते आधी विचारायचे. जो आपण स्वतः घालून बाहेर जाणार नाही तो कोणाला द्यायचा नाही. तो घरातच फडके होतो.

आमच्या दाराशी सध्या जे पायपुसणे आहे ते आईने शिवलेल्या जुन्या वाकळेचा तुकडा आहे. त्यात एक खाकी पट्टी दिसते, ती माझ्या शाळेच्या चड्डीची. परवा मुलगी म्हणाली, "आजी, हे आता टाकू या ना."

आईने ते उचलून उजेडात धरले, बोटांनी चाचपले आणि पुन्हा जागेवर ठेवले. "आजून पोतेरं व्हायचंय त्याचं," ती म्हणाली.