दुकानाचा ओटा

पर्युषणाचे आठही दिवस स्थानकात जाऊन व्याख्यान ऐकायचे, हा बाईजींचा लग्न होऊन या घरी आल्यापासूनचा नेम. घरापासून स्थानक जेमतेम तीनशे पावलांवर. गेल्या उन्हाळ्यात खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि ऐंशीव्या वर्षी त्यांच्या वाट्याला चाकांची खुर्ची आली. तरीही पर्युषणाच्या पहिल्या सकाळी मुहपत्ती आणि आसन मांडीवर घेऊन त्या तयार बसल्या होत्या. मोटार काढण्याची गोष्ट निघाली, तेव्हा त्यांनी ती हसून मोडून काढली. एवढ्याशा वाटेला मोटार कशाला?

थोरल्या मुलाने खुर्ची ढकलायला घेतली. कापडबाजारातील पेढीचा तो कर्ता. वय साठीच्या घरातले. ज्या रस्त्यावर त्याचे आयुष्य गेले, तो रस्ता त्याने त्या सकाळी प्रथमच पाहिला. पदपथावर चढायलाच जागा नव्हती. एका दुकानापुढे मात्र लोखंडी पत्र्याचा उतार होता, पण तो दुचाकी आत घेण्यासाठी. इतका उभा, की खुर्ची चढवताना बाईजी मागे कलंडल्या असत्या. पुढे विजेची पेटी, मग गटारावरची उखडलेली फरशी. भाद्रपदातले शेवाळ पाहून बाईजी म्हणाल्या, "त्याच्यावरून नको रे, जीव आहेत." खुर्ची रस्त्यावर घ्यावी, तर मागून टेम्पोचा भोंगा. आणि जिथे पदपथ संपूर्णच अडला होता, तिथे काळ्या दगडाचा ओटा, त्याला तीन पायऱ्या, पायऱ्यांच्या कडेला साड्या नेसवलेले दोन पुतळे.

बाईजींनी क्षणभर पाहिले. "हा तर आपला ओटा."

सासरे याच ओट्यावर गादी घालून बसत. त्यांच्या हातचा ओटा म्हणून दुकान दोनदा नवे झाले, तरी त्याला कोणी हात लावला नव्हता. बाजारात फिनेलच्या बाटल्या विकणारा एक अंध गृहस्थ आहे. या दुकानाशी आला, की तो काठी टेकत रस्त्यावर उतरतो आणि पुढे पुन्हा पदपथावर चढतो. गल्ल्यावरून हे दृश्य वर्षानुवर्षे दिसत होते, पण त्याचे कारण कधी दिसले नव्हते.

त्या दिवशी व्याख्यान कशावर झाले ते कर्त्याला सांगता आले नसते. वाटेत बाईजींनी उच्चारलेला एकच शब्द त्याच्या मनात घोळत होता: अंतराय. दुसऱ्याच्या दानात, लाभात, भोगात, उपभोगात, सामर्थ्यात आडवे येणे, हे तो पाठशाळेत शिकला होता. दगडाचा अंतराय शिकवला नव्हता.

दिव्यांगांविषयी आपल्या समाजाला कणव नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. १९६८ मध्ये जयपूरला तयार झालेला कृत्रिम पाय पुढे गावोगाव पोचवला तो १९७५ साली स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने. या पेढीनेही अशा शिबिरांना दरवर्षी देणगी दिली आहे. पाय द्यायचा आणि त्या पायाने चालायची वाट आपल्या पायरीने अडवायची, हा हिशेब कोणत्या वहीत बसवायचा?

त्याने माहिती काढली. नियम तसे नवे नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत पदपथाची निर्वेध रुंदी किमान १.८ मीटर आणि कडेची उंची फार तर १५ सेंटिमीटर सांगितली आहे. खुर्चीसाठी उतार एकास बारा हवा. म्हणजे १५ सेंटिमीटर चढायला १८० सेंटिमीटर लांबी. अंधांना काठीने किंवा तळव्याने कळणाऱ्या उठावाच्या फरश्या तर १९६७ सालीच जपानमधील ओकायामा शहरात बसल्या होत्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही सोय उपकाराच्या सदरातून काढून हक्काच्या सदरात घातली आहे. पालिकेच्या कामचुकारपणावर बोलणे सोपे असते, आणि ते खोटेही नसते. पण टेप घेऊन मोजले, तेव्हा स्वतःच्या ओट्याने १.२ मीटर खाल्ले होते.

बाजाराच्या बैठकीत त्याने विषय काढला, तेव्हा शेजारचे काकाजी समजावणीच्या सुरात म्हणाले, "अरे, ओटा गेला की उद्या तिथे हातगाडी उभी राहील. मग बाईजींची खुर्ची कुठून नेशील?" या प्रश्नात तथ्य होते. कोणी पार्किंगची अडचण सांगितली, कोणी दिवाळीनंतर पाहू म्हणाले. कोणीही वाईट बोलले नाही आणि काहीही ठरले नाही.

त्याने दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावले. पायऱ्या आता दुकानाच्या आत गेल्या आहेत. त्यासाठी साड्यांची एक मांडणी कमी करावी लागली. एका बाजूने उतार केला आहे. ओट्याचा मधला दगड बाईजींनी घरी आणवला आणि अंगणात ठेवला.

संवत्सरीच्या सकाळी खुर्ची पुन्हा निघाली. पेढीसमोरची बारा फूट वाट तिने सरळ, न थांबता पार केली. काकाजींच्या पायरीशी आल्यावर मुलाने ती उलटी वळवली आणि मागच्या चाकांवर तोलत हळूहळू रस्त्यावर उतरवली. काकाजी दुकान उघडत होते. त्यांनी कुलूप तसेच सोडले आणि खुर्चीची दुसरी बाजू धरायला ते धावत आले.