किफायत आणि किफायतशीर

उर्दूत 'किफायत' म्हणजे काटकसर. शब्द मूळचा अरबी; 'काफी', म्हणजे पुरेसं, हे त्याचंच भावंड. मराठीत तो 'किफायतशीर' होऊन आला आणि अर्थ उरला स्वस्त, परवडणारं. हा फरक शिकवताना मला हल्ली डेटा सेंटर आठवतात.

२०१६ मध्ये गुगलने डीपमाइंडच्या कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेऊन सर्व्हर थंड ठेवायला लागणारी वीज ४० टक्क्यांपर्यंत कमी केली. कौतुकाचीच गोष्ट. पण कंपनीच्याच अहवालानुसार २०२३ चं तिचं कार्बन उत्सर्जन २०१९ पेक्षा ४८ टक्क्यांनी जास्त होतं. एकेक काम कमी विजेत होऊ लागलं, पण कामंच वाढली. हे किफायतशीर झालं, किफायत नव्हे.

वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, हे आम्हाला लहानपणीच शिकवतात. तिथे पाणी स्वस्त आहे का, हा प्रश्न नसतो. पुरेसं किती, हा असतो. ऑफिसातले संगणक रात्रभर चालू कशाला? धडधाकट लॅपटॉप तीन वर्षांत का बदलायचा? माझे काही विद्यार्थी उद्या अशा कंपन्यांत जातील. वीज वाचवणारं यंत्र त्यांनी जरूर बनवावं. पण त्याआधी 'काफी' किती, हे विचारावं.