छायेचे नामकरण

क्ष-किरणांचे चित्र खोटे बोलत नाही, असे लोक म्हणतात. पण चित्र मुळी बोलतच नाही. बोलतो तो पाहणारा.

मुलांचे कोपर तर विशेष फसवे. तेथील हाडांची टोके आरंभी कूर्चेची असतात आणि कूर्चा चित्रात उमटत नाही. पहिल्या वर्षापासून अकराव्या-बाराव्या वर्षापर्यंत सहा अस्थिकेंद्रे क्रमाक्रमाने दिसू लागतात. सुटा भासणारा तुकडा मोडलेला की वाढता, हे प्रसंगी तज्ज्ञासही कोडे पडते.

हात टेकून पडलेल्या मुलाचे दंडाचे हाड पुष्कळदा कोपराच्या जरा वर मोडते. १९५९ साली गार्टलँड या अमेरिकन शल्यवैद्याने या अस्थिभंगाचे तीन प्रकार पाडले : हाड न सरकलेले, थोडे सरकलेले आणि फार सरकलेले. पहिल्यास प्लास्टर पुरते, तिसऱ्यात बहुधा तारा घालाव्या लागतात. वाद होतो तो मधल्यावर.

आमच्या नातवाच्या वेळी एकाच चित्रावरून एका शल्यवैद्यांनी पहिला प्रकार सांगितला, दुसऱ्यांनी दुसरा. दोघांपैकी एकास काही कळत नसावे, असे घरात बोलले गेले. आम्हांस ते पटले नाही. दंडाच्या हाडाच्या पुढच्या कडेवरून ओढलेली रेषा खालच्या अस्थिकेंद्राच्या मध्यातून जावी, असा दंडक आहे. पण चित्र घेताना हात किंचित वळला तरी हा मेळ बिघडतो. आणि वेदनेने रडणारे मूल स्थिर राहावे कसे?

म्हणून वर्गीकरण निरर्थक, असे मात्र नव्हे. नावे ठरली म्हणूनच मतभेद मोजता येतो. तीन कप्प्यांत डोळे मिटून सारख्याच चिठ्ठ्या टाकल्या तरी तिनांत एकदा दोघांचे जुळेलच. हे योगायोगाचे एकमत वजा करण्याची रीत कोहेन यांनी १९६० साली दिली : निव्वळ योगायोग तेथे शून्य, पूर्ण एकमत तेथे एक. त्याच वैद्यास तेच चित्र काही आठवड्यांनी पुन्हा दाखवून त्याचे स्वतःशी किती जुळते, हेही असेच मोजतात.

अर्थात एकमत म्हणजे सत्य नव्हे. दोघे मिळूनही चुकू शकतात. तरीही ज्या कोवळ्या हातात तार जायची किंवा टळायची आहे, त्याच्यासाठी 'पुन्हा एक चित्र घेऊ, आणखी एकास दाखवू' असे म्हणणारा वैद्य आम्हांस अधिक भरवशाचा वाटतो. अहवालावरील 'प्रकार दुसरा' हा निर्णय आहे, दर्शन नव्हे, याची जाण त्याला असते.