चौकोनी पिना

भाचा कतारला निघाला. व्हिसा झाला, मेडिकल झालं, तिकीट हातात आलं आणि निघायच्या चार दिवस आधी त्यानं मला विचारलं, "मामू, तिकडची पिन कसली असते? माझा चार्जर चालेल का?"

मी काही न बोलता माळ्यावरून निडोचा डबा खाली काढला.

कोकणातल्या आमच्या मुसलमान वस्त्यांमध्ये निडोचा रिकामा डबा नाही असं घर सापडणं कठीण. आखातातून आलेली दूध पावडर संपली की त्यात तूरडाळ जाते, पत्रा गंजायला लागला की खिळे-स्क्रू. आमच्या डब्यात पिना आहेत. प्लगला आमच्याकडे सगळे पिनच म्हणतात. दुकानात मात्र 'थ्री-पिन टॉप' मागावा लागतो. गोल पिना, चौकोनी पिना, अमेरिकन पद्धतीच्या चपट्या पिना, तीन-चार मल्टी प्लग, एक जड काळा ट्रान्सफॉर्मर आणि अब्बांचा टेस्टर. आमच्या घरातलं कोण कुठे कमवायला गेलं होतं, ते या डब्यावरून सांगता येतं.

भाच्याच्या हातात मी चौकोनी तीन पिनांचा टॉप ठेवला. कतार, कुवेत, बहारीन, ओमान, अमिराती, सगळीकडे हाच. इंग्लंडमध्येही हाच. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "केवढा मोठा आहे! उगाच."

उगाच नाही. पण ते सांगण्याआधी मला इस्त्रीची गोष्ट सांगावी लागेल.

अब्बा 1974 साली कुवेतला गेले. तिथे एका इलेक्ट्रिकल ठेकेदाराकडे आधी हेल्पर, मग वायरमन. नव्या इमारतींच्या भिंतींत पाइप टाकायचे, तारा ओढायच्या, सॉकेट बसवायचे. दर दोन वर्षांनी सुट्टी. 1984 च्या सुट्टीत त्यांनी इस्त्री आणली. तोवर आमच्याकडे कोळशाची इस्त्री होती. ही चकचकीत, पोलादी पाठीची, तळाला आरशासारखी. तिच्या वायरीला हाच मोठा चौकोनी टॉप होता आणि आमच्या भिंतीवरच्या बोर्डाला गोल भोकं. अब्बांच्या सुट्टीचे दिवस दोन लग्नं आणि एक जमिनीचा वाद यांत गेले. टॉप बदलायचा राहिला. ते गेल्यावर अम्मीनं गावातल्या वायरमनला बोलावलं.

त्यानं टॉप कापला. आत तीन तारा निघाल्या : एक तपकिरी, एक निळी, एक हिरवी-पिवळी. आपल्याकडे तेव्हा लाल, काळी आणि हिरवी. तपकिरी म्हणजे लाल, निळी म्हणजे काळी, एवढं त्यानं ओळखलं. हिरव्या-पिवळ्या तारेचं काय करायचं, असं अम्मीनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तिचं काही काम नाही भाभी." ती त्यानं मुळापासून छाटली आणि साधा दोन पिनांचा टॉप बसवून दिला. इस्त्री गरम झाली. सगळे खूश.

त्या माणसावर माझा राग नाही. तो खोटं बोलला नव्हता. आमच्या घरात त्या तारेला खरोखरच काही काम नव्हतं. बोर्डावरच्या सॉकेटला वरचं तिसरं मोठं भोक होतं, पण त्याच्यामागे तारच नव्हती. नुसतं भोक. तेव्हा गावातल्या बहुतेक घरांत असंच होतं.

इस्त्री कधीकधी झिणझिण्या द्यायची. अम्मी म्हणायची, नवी आहे, जोरदार आहे. 1986 साली बकरी ईद ऐन ऑगस्टमध्ये, धो धो पावसात आली. आदल्या संध्याकाळी अम्मी आमचे कपडे इस्त्री करत होती. पडवीची लादी ओली, अम्मी अनवाणी. मी समोरच अभ्यासाला बसलो होतो. मला आवाज आठवत नाही. अम्मी मागे भिंतीवर जाऊन आदळली आणि इस्त्री माझ्या कुर्त्यावर तशीच पडून राहिली, एवढं आठवतं. कापड जळल्याचा वास सुटला तेव्हा मला हलायचं भान आलं. मी बटण बंद केलं. अम्मी शुद्धीवर होती, पण बराच वेळ बोलली नाही. उजव्या हाताची दोन बोटं पुढे महिनाभर बधिर होती. ईदच्या दिवशी मी जुना कुर्ता घालून नमाजला गेलो.

अब्बांना पत्रात कुणीच काही लिहिलं नाही. डिसेंबरमध्ये ते आले तेव्हा धाकट्या बहिणीनं पहिल्याच रात्री सांगून टाकलं. अब्बांनी टेस्टर काढला, इस्त्री खोलली. आतल्या तारेचं आवरण उष्णतेनं तडकलं होतं आणि उघडी तार पत्र्याला टेकत होती. मग त्यांनी वायरीचं टोक पाहिलं, छाटलेल्या हिरव्या-पिवळ्या तारेचा ठिपका पाहिला. तिथेच, पडवीत, ते मांडी घालून बसून राहिले. बारा वर्षं हा माणूस परक्यांच्या भिंतींत हिरव्या-पिवळ्या तारा ओढत होता. तिकडे ती तार नसेल तर काम पास होत नसे.

तिसरी तार काय करते ते मी पुढे शाळेत तीस वर्षं शिकवलं. वीज एका तारेनं येते, दुसरीनं परत जाते. तिसरी रिकामी असते, एरवी तिच्यातून काहीच जात नाही. पण आत काही बिघडून वीज पत्र्यात उतरली, तर तिला जमिनीत जायला ही तार सोपी वाट देते. एकदम मोठा प्रवाह वाहतो, फ्यूज उडतो, इस्त्री बंद पडते. ती तार नसेल तर वीज पत्र्यावर दबा धरून बसते आणि ओल्या लादीवर अनवाणी उभ्या असलेल्या कुणाच्या तरी अंगातून वाट काढते. म्हणूनच गोल असो वा चौकोनी, टॉपची तिसरी पिन बाकी दोघींपेक्षा लांब असते. ती आधी लागते आणि शेवटी सुटते.

दुसऱ्या दिवशी अब्बांनी परसात खड्डा खणायला घेतला. जांभा दगड, दोन माणसं लावूनही तीन दिवस गेले. खाली तांब्याची पट्टी, भोवती कोळसा आणि मीठ, वर माती, आणि तिथून हिरवी तार घरभर प्रत्येक बोर्डापर्यंत. जांभ्यात पाणी टिकत नाही आणि अर्थिंगला ओल लागते. अब्बांनी अम्मीच्या वजूच्या दगडापासून खड्ड्यापर्यंत एक छोटा पाट काढून दिला. पाच वेळच्या वजूचं पाणी त्या मातीत जायचं. आमची परसबाग उन्हाळ्यात करपून जायची, तो चौरस तेवढा हिरवा राहायचा. शेजारचे विचारायचे, "इथे काय पेरलंय?"

आता भाच्याच्या 'उगाच' या शब्दाकडे येतो.

आपल्या गोल पिना मूळच्या इंग्रजांच्या. 1934 साली त्यांनी त्यांचं मानक छापलं आणि साम्राज्यात जिथे जिथे वीज गेली तिथे तिथे तो टॉप गेला. दुसऱ्या महायुद्धात लंडनमधली घरं बेचिराख झाली. नवी बांधायची तर तांबं महाग. तेव्हा तिथल्या इंजिनिअरांनी घरभर एकच गोलाकार वायर फिरवायची आणि तिच्यावरच सगळे सॉकेट लावायचे, असा उपाय काढला. त्यात तांबं वाचलं, पण त्या एका वायरीला मोठा फ्यूज लागणार. मग लहान उपकरणाच्या नाजूक वायरीला कोण राखणार? म्हणून प्रत्येक टॉपच्या पोटात त्याचा त्याचा फ्यूज आला. त्या समितीत एक महिला होत्या, कॅरोलाइन हॅसलेट, स्वतः इलेक्ट्रिकल इंजिनिअर. घरात वीज वापरणार बायका आणि भोकात बोट घालणार पोरं, याची आठवण त्यांनी समितीला करून दिली. आजच्या चौकोनी सॉकेटच्या खालच्या दोन भोकांवर आतून पडदा असतो. लांब तिसरी पिन आत शिरली की तो सरकतो, एरवी बंद. पोरानं खिळा घातला तरी आत जात नाही.

हे नवं मानक छापून आलं 1947 साली. म्हणजे इंग्रज आपल्याला गोल पिना ठेवून गेले आणि त्याच वर्षी स्वतः चौकोनी झाले! कुवेत त्यांच्या छत्राखाली 1961 पर्यंत राहिलं. तेलाच्या पैशानं घरोघरी वीज गेली तेव्हा समोर इंग्रजांचा नवा टॉप होता, तोच त्यांनी घेतला.

तो मोठा आहे, बॅगेत मावत नाही, आणि जमिनीवर पडला की हमखास पिना वर करून पडतो. अंधारात त्याच्यावर पाय पडलेल्या माणसालाच ते दुःख कळेल. तरीही जगातल्या टॉपांत मला हाच आवडतो. डेन्मार्कचा सॉकेट हसऱ्या चेहऱ्यासारखा दिसतो, जर्मनांचा टॉप कसाही उलटा घाला, बसतो. असतील छान. मी इस्त्री पाहिली आहे.

सगळ्या जगाची एकच पिन का नाही, हा भाच्याचा पुढचा प्रश्न. तसा प्रयत्न झाला. 1986 साली आंतरराष्ट्रीय मानकही निघालं. ते मनावर घेतलं ब्राझील आणि दक्षिण आफ्रिकेनं. बाकीचे म्हणाले, आमच्या भिंतींत बसलेले कोट्यवधी सॉकेट कोण उखडणार?

दक्षिण आफ्रिकेवरून आठवलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी-कुलाब्याकडचे कोकणी मुसलमान केपटाउनला जाऊन वसले. अम्मीच्या नात्यातला एक मुलगा काही वर्षांपूर्वी तिकडून आजोबांचं गाव बघायला आला. मी निडोचा डबा घेऊन तयार! त्यानं बॅगेतून लॅपटॉप काढला तर वायरीला आपला गीझरचा जाडा गोल टॉप. तिकडे तीच जुनी इंग्रजी पंधरा अँपिअरची पिन सगळ्याला चालते, चहाच्या किटलीपासून लॅपटॉपपर्यंत. आमच्या घरात त्या मापाचा सॉकेट न्हाणीघराबाहेर. चार दिवस तो मुलगा न्हाणीच्या दाराशी स्टूल टाकून लॅपटॉपवर काम करत होता आणि अंघोळीला येणारा-जाणारा त्याला सलाम करत होता.

आणि तो जड ट्रान्सफॉर्मर? तो चाचांचा. चाचा जिद्दाहला होते. सौदीत तेव्हा घरातल्या साध्या सॉकेटला 127 व्होल्ट, ज्याला आपली माणसं '110' म्हणतात, आणि एसीसारख्या मोठ्या वस्तूंसाठी 220. चाचांनी पाठवलेल्या मिक्सरच्या चपट्या पिना आमच्या भोकांत बसेनात. चाचीनं बाजारातून मल्टी प्लग आणला. पिन बसली. मिक्सर आधी किंचाळला, मग धुरावला. त्या चपट्या पिना आपल्या भोकात जात नव्हत्या ते बरंच होतं, हे नंतर कळलं. मग चाचांनी ट्रान्सफॉर्मर पाठवला, पण घालायला मिक्सर उरला नव्हता. सौदी सरकारनं 2010 साली सगळीकडे 230 व्होल्ट करायचं ठरवलं. त्यासाठी पंचवीस वर्षांची मुदत ठेवली आहे.

हजला गेलो तेव्हा मक्केतल्या आमच्या खोलीत चौकोनी सॉकेट होते आणि खोलीतल्या पाचही जणांकडे हिंदुस्थानी चार्जर. मी नमाजहून परतलो तर आमच्यातले एक बुजुर्ग सॉकेटच्या वरच्या भोकात मिसवाक खुपसून पडदा उघडत होते आणि दुसरे खालच्या दोन भोकांत गोल पिना रेटत होते. मी ओरडलो. एहराममध्ये आवाज चढवू नये हे ठाऊक असूनही ओरडलो. "मास्तर, मिसवाक लाकडाची आहे, करंट नाही लागत," ते शांतपणे म्हणाले. मी आणलेला मल्टी प्लग लावून दिला आणि मिसवाक त्यांना परत केली. त्यांनी ती पुसून तोंडात घातली.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की मल्टी प्लग घेताना तिसरी पिन आतपर्यंत जोडलेली आहे ना ते बघ. पुष्कळदा ती नुसती प्लास्टिकची असते, पडदा उघडण्यापुरती. आणि एक टॉप त्याच्या बॅगेत टाकला, फ्यूज तपासून.

अब्बा 1990 च्या ऑगस्टनंतर कुवेतहून बगदाद, अम्मान करत मुंबईला उतरले तेव्हा हातात एक पिशवी होती. तिच्यात पासपोर्ट, दोन शर्ट आणि हा टेस्टर. ते जाऊनही आता अकरा वर्षं झाली. टेस्टर अजून चालतो.

काल भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. खोली दाखवली, चार पलंग, एक खिडकी, पलंगामागे चौकोनी सॉकेट. अम्मीला आता नीट दिसत नाही. तिनं मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि जेवलास का, नमाज पढतोस का, हे विचारायच्या आधी विचारलं, "बेटा, तिथे अर्थिंग आहे ना?"

"आहे नानी."

"कुणी सांगितलं? खोलून बघितलंस?"