आईचा घावन आणि माटुंग्याचा नीर डोसा

दक्षिणेकडे फिरायला गेलात तर काय काय खावे, असे सांगणारे लेख पुष्कळ येतात. पण वाचकहो, म्हैसूर-उडुपी गाठायचे म्हणजे रजा हवी आणि गाठीला पैसाही हवा. आपल्या वाशिंद-आसनगावकरांना मात्र कसारा लोकलचे तिकीट पुरते, कारण मुंबईत माटुंगा आहे.

मी मुंबईत एका कचेरीत कारकून आहे. माटुंग्याची हॉटेले मला बी.कॉम. करीत होतो तेव्हापासून ठाऊक. आईला मात्र तिथे नेले ते गेल्या वर्षी. सायनला तिचे डोळे दाखवून झाले, दुपारचे दोन वाजले होते आणि माटुंगा पुढचेच स्टेशन. स्टेशनाबाहेरच्या एका उडुपी हॉटेलाच्या दारात ती थांबली आणि हळूच म्हणाली, "आपल्याला आत बसू देतील ना रं?"

मला हसू येणार होते, पण आले नाही. मुरबाडकडच्या तिच्या माहेरी, बाजाराच्या दिवशी आजोबा तिला हॉटेलापाशी नेत. 'आत' कधी नेले नाही. वळचणीला कानतुटका कप ठेवलेला असे. तो आपणच विसळून घ्यायचा, वरून चहा ओतून घ्यायचा, उभ्याने प्यायचा आणि पुन्हा विसळून ठेवायचा. ही गोष्ट 1960 नंतरची. संविधानाच्या 15 व्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले सर्वांना खुली झाली होती, 1955 साली अस्पृश्यता पाळणाऱ्याला शिक्षा करणारा कायदाही झाला होता. कप तिथेच होता.

आत बसलो. मी नीर डोसा मागवला. पांढराशुभ्र, जाळीदार, चौघडी घातलेला. आईने एक तुकडा तोडला, बोटांनी चाचपला आणि म्हणाली, "हा तर आपला घावनच हाय की!"

खरेच आहे. तुळू भाषेत नीर म्हणजे पाणी. तांदूळ भिजवून बारीक वाटायचा, मीठ घालायचे, पाण्यासारखे पातळ पीठ करून तापल्या तव्यावर ओतायचे. आंबवणे नाही, उडीद नाही. आमच्या भातपट्ट्यातल्या आयाबाया बिडाच्या तव्यावर दुसरे काय करतात? आम्ही तो सुक्या बोंबलाच्या कालवणाबरोबर खातो. मंगळूरकडेही घरोघर माशाच्या किंवा कोंबडीच्या रश्शाबरोबर खातात. उडुपी हॉटेल शाकाहारी, म्हणून इथे चटणीवर भागवावे लागते. आईने चटणीला नाव ठेवले नाही, पण "बोंबील पाहिजे होता" असे म्हणालीच.

इडलीचे तिला नवल नव्हते, ती वाशिंदलाही मिळते. मी तिला सांगितले की सुमारे 920 सालच्या 'वड्डाराधने' या कानडी ग्रंथात 'इड्डलिगे' आहे, पण ती नुसत्या उडदाची. तांदूळ त्यात नंतर आला. "म्हणजे आपला तांदूळ गेल्यावर चव आली," आईचा निकाल! रसम मात्र तिला फार आवडले. चिंच, टोमॅटो, मिरी आणि कढीपत्ता घातलेले ते पातळ सार तिने वाटीनेच पिऊन टाकले. रसमात बुडवलेली इडली किंवा वडा माटुंग्याला गेल्यावर चुकवू नका. म्हैसूर मसाला डोसा घ्याल तर आतून लाल चटणी लावलेला घ्या. सांबाराच्या नावामागे तंजावरच्या मराठी दरबाराची एक गोष्ट सांगतात. तिच्यावर माझा फारसा विश्वास नाही. सांबार मात्र झकास.

पोट भरून जेवायचे असेल तर स्टेशनालगत मंडईच्या इमारतीत रामा नायकांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, 1942 पासूनचे. तिथे केळीच्या पानावर वाढतात. किंग्ज सर्कलजवळचे कॅफे मद्रास 1940 चे. रविवारी रांग असते, म्हणून आठवड्यात जाणे बरे.

ही पाककला जिथून निघाली त्या उडुपीच्या मठात पंगती जातीने वेगळ्या बसत, आणि त्याविरुद्ध कर्नाटकात आंदोलने झाली. मद्रासला ट्रिप्लिकेनमधल्या मुरली कॅफेच्या पाटीवर 'ब्राह्मण' हा शब्द होता. तो काढावा म्हणून पेरियार यांनी 1957 साली त्या हॉटेलसमोर धरणे धरायला लावले. रोज माणसे जात, रोज अटक होत. महिन्यामागून महिने हे चालले, तेव्हा कुठे पाटी उतरली. आज आपण पाटी न वाचता आत शिरतो. इडलीसाठी तुरुंगात गेलेली माणसे ती, असे मी आईला म्हटले. ती म्हणाली, "इडलीसाठी नाय रं, बसण्यासाठी."

शेवटी फिल्टर कॉफी आली, पेला आणि वाटी. मी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात ओतून फेस आणून दाखवला. आईने कॉफी संपवली, पेला उचलला आणि उठून इकडेतिकडे पाहू लागली. मला वाटले हात धुवायची जागा शोधते आहे.

"पेला कुठं विसळायचा?"

वेटर पोरगा जवळच होता. "आजी, राहू द्या तिथंच," म्हणत त्याने तो तिच्या हातातून घेतला. आई परत बसली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "अजून एक कॉफी सांग."

डोळ्यांची पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची होती. परतीच्या लोकलमध्ये टिटवाळा सोडल्यावर तिने विचारले, पुढच्या खेपेला सुनेला नि नातीला आणले तर चालेल का, आणि त्या मंडईवाल्या हॉटेलात पानावर काय काय वाढतात?